अ‍ॅटलांटा ते मेम्फिस : एका पाळकाच्या मागावर सहा दिवस

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या नागरी हक्क चळवळीचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या आठवणीतल्या जागा पाहायला निघालेले बहुतेक लोक पुतळे, संग्रहालयं आणि गाजलेल्या भाषणांच्या जागा गाठतात. हा मार्ग आखताना कसोटी वेगळी ठेवली होती. किंग हे आधी एका मंडळीचे पाळक होते. दर रविवारी उपासना चालवणं, लग्न लावणं, आजाऱ्याला भेटणं, मयताला शेवटचे शब्द बोलणं हे त्यांचं काम. त्यामुळे वाटेतल्या प्रत्येक गावात आधी चर्च, मग चर्चचं तळघर, मग स्वयंपाकघर आणि वेळ उरला तर संग्रहालय, असा क्रम ठेवला.

वार मात्र नीट जुळवावे लागतात. माँटगोमेरीतली लिंचिंगच्या, म्हणजे जमावाने ठार मारलेल्या काळ्या माणसांची स्मारकं सोमवार-मंगळवारी बंद असतात आणि मेम्फिसचं संग्रहालय मंगळवारी. रविवारी अ‍ॅटलांटाहून निघून शुक्रवारी मेम्फिसला पोचलं की सगळं बसतं. एप्रिलचा पहिला आठवडा हवेला बरा, पण पाइनच्या झाडांचे पराग इतके उडतात की रात्री उभी केलेली गाडी सकाळी हळद फासल्यासारखी पिवळी होते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी औषध हाताशी ठेवावं.

रविवार, अ‍ॅटलांटा

ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूवर दोन एबेनेझर चर्च समोरासमोर आहेत. उपासना नव्या इमारतीत होते. ती १९९९ पासून वापरात आहे. जुनं लाल विटांचं चर्च राष्ट्रीय उद्यान विभागाकडे आहे आणि तिथे प्रवेश फुकट आहे. उपासनेला जायचं तर निदान पाऊण तास आधी पोचा, कारण पाहुण्यांची रांग लागते आणि पिशव्या तपासल्या जातात. कपडे नीटनेटके हवेत. म्हाताऱ्या बायका आजही टोप्या घालून येतात आणि दारातले स्वागतकर्ते अनोळखी माणसाचाही हात दोन्ही हातांत धरतात. दानाची थाळी फिरते तेव्हा पाहुण्यांवर सक्ती नसते, पण थोडे सुटे डॉलर खिशात असलेले बरे.

जुन्या चर्चमध्ये मात्र घाई करू नका. बाक, व्यासपीठ, खिडक्या सगळं १९६०-६८ च्या काळात होतं तसं परत उभं केलंय आणि ध्वनिक्षेपकावर किंग यांची प्रवचनं चालू असतात. मधल्या बाकावर बसून पंधरा मिनिटं नुसतं ऐकावं. किंग यांचे आजोबा १८९४ मध्ये इथे पाळक झाले, १९३१ मध्ये वडील, आणि १९६० पासून मुलगा वडिलांचा सहपाळक. म्हणजे पाऊणशे वर्षांहून जास्त काळ हे व्यासपीठ एकाच घरात होतं. त्याच घराला त्याची किंमतही इथेच मोजावी लागली : ३० जून १९७४ ला किंग यांच्या आई अल्बर्टा ऑर्गन वाजवत असताना याच चर्चमध्ये गोळी लागून गेल्या.

या व्यासपीठावरून ४ फेब्रुवारी १९६८ ला किंग यांनी जे प्रवचन दिलं, त्यात आपल्या अंत्यविधीला काय बोलावं हेच सांगून ठेवलं होतं. नोबेल पारितोषिकाचा उल्लेख नको, बाकी तीन-चारशे पुरस्कारांचा नको, कुठे शिकलो तेही नको. भुकेल्याला जेवू घालायचा प्रयत्न केला, उघड्याला कपडा द्यायचा प्रयत्न केला, तुरुंगातल्यांना भेटलो, एवढंच सांगा. बरोबर दोन महिन्यांनी मेम्फिसमध्ये गोळी लागून ते गेले आणि ९ एप्रिलला याच चर्चमधल्या अंत्यविधीत त्या प्रवचनाची ध्वनिफीत वाजवली गेली. स्वतःच्या मयताला स्वतःचाच उपदेश. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातली ही भाषा आहे आणि पुढच्या पाच दिवसांत ती पुन्हा भेटते.

शेजारच्या किंग सेंटरमध्ये पाण्याच्या हौदात पांढऱ्या संगमरवराची कबर आहे. २००६ मध्ये गेलेल्या त्यांच्या पत्नी कोरेटाही आता त्यांच्या शेजारी आहेत. गर्दी टाळायची तर सकाळी लवकर या. दुपारनंतर शाळांच्या बस उतरतात आणि पाण्याशेजारची शांतता जाते. फ्रीडम हॉलमध्ये गांधीजींसाठी वेगळी खोली आहे आणि उद्यानाच्या माहिती केंद्राजवळ त्यांचा पुतळा आहे. ५०१ क्रमांकाचं किंग यांचं जन्मघर २०२३ च्या अखेरीस डागडुजीसाठी बंद केलं होतं, त्यामुळे निघण्याआधी उद्यानाची सूचना वाचून घ्या.

सोमवार, अंत्ययात्रेचा रस्ता

अंत्यविधीच्या दिवशी, ९ एप्रिल १९६८ ला, किंग यांची शवपेटी शेतातल्या साध्या लाकडी गाडीवरून नेली. गाडीला दोन खेचरं जुंपली होती, बेल आणि अ‍ॅडा. किंग तेव्हा गरिबांचा मोर्चा वॉशिंग्टनला न्यायच्या तयारीत होते, म्हणून गाडी गरिबाच्या शेतातली. एबेनेझरपासून मोरहाउस कॉलेजपर्यंतचा तो रस्ता पायी जाता येतो, मधल्या थांब्यांसह दोन तास धरा. चढउतार आहे, सावली कमी, पाणी बरोबर हवं. किंग वयाच्या पंधराव्या वर्षी या कॉलेजात आले होते आणि त्यांचे तिथले प्राचार्य बेंजामिन मेज यांनीच अंगणातल्या सभेत त्यांना निरोप दिला.

जेवण पास्कल्समध्ये. पास्कल भावांनी १९४७ मध्ये सुरू केलेलं हे हॉटेल चळवळीच्या बैठकांचा अड्डा होतं. आताची जागा नवी आहे. तळलेली कोंबडी प्रसिद्ध आहे. शाकाहारी माणसाने दक्षिणेत एक गोष्ट लक्षात ठेवावी : भाजी म्हणून लिहिलेलं सगळं शाकाहारी नसतं. कोलार्डची पानं आणि चवळी बहुधा डुकराच्या किंवा टर्कीच्या धुरवलेल्या हाडावर शिजवतात. दर वेळी स्पष्ट विचारा, ‘यात मांस आहे का’ एवढं पुरत नाही, ‘कशात शिजवलंय’ असं विचारा. तळलेली भेंडी, रताळ्याचा पाय (पाय म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ), मक्याची भाकरीसारखी ब्रेड आणि ग्रिट्स ही हमखास मिळणारी सोय. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्यांची घट्ट पेज. नुसती अळणी लागते, मीठ-लोणी-मिरपूड घातली की पोटभरीची.

संध्याकाळी माँटगोमेरी, २६० किलोमीटर, अडीच तास. अलाबामाच्या हद्दीत घड्याळ एक तास मागे जातं, तो तास सकाळच्या वेळेत पकडू नका.

मंगळवार, माँटगोमेरी

सहलीतला सगळ्यात भरलेला दिवस हाच.

डेक्स्टर अ‍ॅव्हेन्यूचं चर्च राज्याच्या विधानभवनापासून हाकेच्या अंतरावर आहे. छोटी विटांची इमारत, १८८०च्या दशकातली. पंचवीस वर्षांचे किंग १९५४ मध्ये इथे आले, वर्षाला ४,२०० डॉलर पगारावर. त्यांच्या आधीचे पाळक व्हर्नन जॉन्स फार धारदार बोलायचे आणि चर्चबाहेर भाजीपालाही विकायचे, ‘स्वतःच्या पायावर उभे राहा’ हे कृतीने दाखवायला. सुशिक्षित मंडळीला ते पचलं नाही.

किंग यांनी आल्या आल्या मंडळीपुढे लेखी सूचना ठेवल्या. त्या वाचल्या की हा माणूस चळवळ कशी चालवणार ते आधीच कळतं. प्रत्येक सभासदाने आपल्या जन्ममहिन्याच्या मंडळात जायचं, म्हणजे बारा मंडळं, प्रत्येकावर वर्गणीची जबाबदारी. सामाजिक आणि राजकीय कामासाठी वेगळी समिती. प्रत्येक सभासदाने मतदार नोंदणी करायची आणि काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सदस्य व्हायचं. पंधरा महिन्यांनी १ डिसेंबर १९५५ ला बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडायला नकार दिल्याबद्दल रोझा पार्क्स यांना अटक झाली आणि काळ्यांनी बसवर बहिष्कार घातला, तेव्हा माणसं, वर्गणी आणि निरोप पोचवायची सोय तयारच होती.

फेरीत तळघरातली किंग यांची खोली दाखवतात. बहिष्काराच्या बैठका इथे झाल्या. मार्गदर्शक बाई इथे पाहुण्यांना हात धरून बसवतात आणि सगळ्यांकडून गाणं म्हणवून घेतात, त्यामुळे तासाभराची फेरी सव्वातासाची होते. आधी वेळ घेऊनच जा, नुसतं दार ठोठावून प्रवेश मिळेलच असं नाही.

मग साउथ जॅक्सन स्ट्रीटवर ३०९ क्रमांकाचं पाळकाचं घर. पांढऱ्या फळ्यांचं, नऊ खोल्यांचं. शेजारच्या इमारतीत तिकीट आणि छोटी फिल्म, मग घर. ३० जानेवारी १९५६ च्या रात्री ओसरीवर बॉम्ब पडला. आत कोरेटा, दहा आठवड्यांची मुलगी आणि मंडळीतली एक बाई होती. तिघींना इजा झाली नाही. किंग सभेतून धावत आले तर अंगणात संतापलेला जमाव, काहींच्या हातात हत्यारं. त्याच ओसरीवर उभं राहून त्यांनी लोकांना हत्यारं घरी न्यायला सांगितली.

या घराचा गाभा स्वयंपाकघर आहे. बॉम्ब पडायच्या तीन रात्री आधी, मध्यरात्री एक धमकीचा फोन आला. झोप उडाली. किंग यांनी कॉफी करून घेतली आणि इथल्या टेबलाशी एकटेच बसले. आपल्याच्याने पुढे होणार नाही, असं मोठ्याने प्रार्थनेत कबूल केलं आणि मग आतून बळ आल्याचं त्यांनी पुढे स्वतः सांगितलं. खोली लहान आहे. टेबल, खुर्च्या, चूल, खिडकी, दोन पावलांत भिंत. इथे उभं राहिलं की तो सव्वीस-सत्तावीस वर्षांचा तरुण बाप दिसतो. आतल्या खोलीत तान्हं बाळ आहे आणि बाहेर फोन वाजतोय.

बसवरचा बहिष्कार ३८१ दिवस चालला, तो कसा चालला हे इथे समजून घेण्यासारखं आहे. पहिल्या दिवसांत काळ्या टॅक्सीवाल्यांनी बसइतकेच, दहा सेंट भाडं घेतलं. पोलिसांनी किमान भाड्याचा, ४५ सेंटचा नियम काढला. मग बॅटन रूजमध्ये १९५३ साली असाच बहिष्कार चालवलेल्या पाळकाला, टी. जे. जेमिसन यांना, किंग यांनी फोन केला आणि खासगी गाड्यांची साखळी उभी राहिली : सुमारे ३०० गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या, दारावर चर्चचं नाव रंगवलं. पुढचा घाव विम्यावर आला, स्थानिक विमा कंपन्यांनी पॉलिसी रद्द करायला सुरुवात केली. विमा नसेल तर गाडी बंद. शेवटी अ‍ॅटलांटातल्या एका विमा प्रतिनिधीने लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळवून दिला.

आणि पेट्रोलचा पैसा? त्यातला बराचसा केक विकून आला. जॉर्जिया गिलमोर एका उपाहारगृहात स्वयंपाकीण होत्या. बहिष्काराबद्दल किंग यांच्यावर चाललेल्या खटल्यात साक्ष दिल्याबद्दल त्यांचं काम गेलं. किंग यांनी घरातूनच खानावळ चालवायला सुचवलं आणि भांड्याकुंड्यांसाठी पैसे दिले. त्यांनी बायका जमवल्या. पाउंड केक, रताळ्याचे पाय, कोंबडीचे सँडविच करून विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. बायकांची नावं कळली असती तर गोऱ्या मालकांकडची त्यांची कामं गेली असती. म्हणून पैसे कुठून आले विचारलं की उत्तर ‘कुठूनच नाही’, आणि गटाचं नावच पडलं ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पाउंड केकचं जुनं प्रमाण सोपं आहे : मैदा, लोणी, साखर, अंडी प्रत्येकी एक पाउंड, म्हणजे साडेचारशे ग्रॅम. सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. फुगतो तो फक्त लोणी-साखर फेटताना भरलेल्या हवेवर. फेटण्यात आळस केला की तळाशी चिकट थर राहतो. चार दिवस टिकतो आणि सुरीने नीट कापला जातो, म्हणून विकायला सोयीचा. डेरिकोट स्ट्रीटवर त्यांच्या घरापुढे पाटी आहे. बाहेरूनच पाहावं. सेल्माच्या मोर्चाला २५ वर्षं झाली त्या दिवशी, ७ मार्च १९९० ला, मोर्चेकऱ्यांचं जेवण करता करता त्या गेल्या. तेच जेवण त्यांच्या घरी आलेल्या लोकांनी खाल्लं.

बुधवार, माँटगोमेरी ते सेल्मा

सकाळी लिंचिंग स्मारक. छतावरून टांगलेले ८०० हून जास्त गंजलेले लोखंडी खांब, प्रत्येकावर एकेका जिल्ह्याचं नाव आणि खाली माणसांची नावं. सुरुवातीला खांब आपल्या उंचीला असतात. जमीन उतरत जाते तसे ते डोक्यावर जातात. दोन तास द्या आणि लहान मुलांना नेण्याआधी विचार करा.

पुढे हायवे ८०, मतदानाच्या हक्कासाठी १९६५ मध्ये सेल्माहून माँटगोमेरीला निघालेल्या मोर्चाच्या उलट दिशेने. मध्ये व्हाइट हॉलजवळचं लाउंड्स माहिती केंद्र चुकवू नका. या जिल्ह्यात पाचात चार लोक काळे होते आणि १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातलं एकही नाव नव्हतं. नाव नोंदवलं म्हणून जमीनदारांनी घराबाहेर काढलेली कुटुंबं या जागेवर तंबूत राहिली.

एडमंड पेटस पूल गावाच्या बाजूने चढा. फोटोंत कळत नाही ती गोष्ट इथे पायाला कळते : पूल कमानीसारखा मधे उंच आहे. गावाकडून चालताना पलीकडचं काहीच दिसत नाही. ७ मार्च १९६५ च्या सहाशे जणांना लाठ्या घेतलेले पोलीस दिसले ते माथ्यावर पोचल्यावरच. त्या दिवशी किंग तिथे नव्हते. दोन दिवसांनी ते पाळकांना घेऊन आले, पुलापलीकडे गुडघे टेकून प्रार्थना केली आणि सगळ्यांना मागे फिरवलं. अनेकांना ते रुचलं नाही. कोर्टाचा मनाई हुकूम मोडायचा नाही आणि लोकांना पुन्हा मारात ढकलायचं नाही, हा त्यांचा हिशेब होता, आणि तो बरोबर होता असं तिथे उभं राहून वाटतं. परवानगी मिळाल्यावर २१ तारखेला निघालेले लोक ५४ मैल चालून २५ तारखेला माँटगोमेरीत पोचले तेव्हा पंचवीस हजार झाले होते.

मोर्चा जिथून निघाला त्या ब्राउन चॅपल चर्चचे दोन मनोरे लांबूनच दिसतात. इमारतीची मोठी दुरुस्ती निघाली आहे, आत जाता येईलच असं धरू नका. सेल्मा गरीब गाव आहे आणि जानेवारी २०२३ च्या टोर्नेडोच्या खुणा अजून दिसतात. जेवण, पेट्रोल इथेच घ्या, चार पैसे गावात राहतील. टोर्नेडोवरून एक सूचना : फोनवर ‘वॉच’ आलं तर सावध राहायचं, ‘वॉर्निंग’ आलं तर त्याच क्षणी पक्क्या इमारतीत, सगळ्यात खालच्या मजल्यावर, खिडक्यांपासून दूर जायचं.

गुरुवार, बर्मिंगहॅम

सिक्स्टीन्थ स्ट्रीट चर्च. १५ सप्टेंबर १९६३, रविवार, सकाळी १०.२२ ला इथे वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला. चार मुली गेल्या, तिघी चौदा वर्षांच्या आणि डेनिस मॅकनेअर अकराची. त्यांपैकी तिघींच्या अंत्यविधीला किंग बोलले. स्फोटात एका रंगीत काचेतला येशूचा फक्त चेहरा उडाला, बाकी काच जागेवर राहिली.

मागच्या सज्जावर वेल्समधल्या लोकांनी पाठवलेली खिडकी आहे. एखाद्या धनवानाच्या नावाने ओळखली जाऊ नये म्हणून वर्गणी मुद्दाम लहान ठेवली होती. जॉन पेट्स यांनी काच केली : हात पसरलेला काळा ख्रिस्त, एक हात अन्याय लोटणारा, दुसरा क्षमा करणारा. खाली शब्द आहेत, ‘यू डू इट टू मी’. मत्तयाचा २५वा अध्याय, आपल्या मराठी बायबलात ‘ते मला केले आहे’. एबेनेझरच्या व्यासपीठावरून ऐकलेलं वाक्य इथे काचेत सापडतं. सकाळी ऊन असताना जा, ढगाळ दिवशी निळा रंग मिटल्यासारखा दिसतो.

समोरच्या बागेत, १९६३ मध्ये पोलिसांनी निदर्शकांवर सोडलेल्या कुत्र्यांची शिल्पं वाटेच्या दोन्ही बाजूंनी अंगावर आल्यासारखी बसवली आहेत. मुलं दचकतात. पलीकडच्या नागरी हक्क संस्थेत किंग यांच्या कोठडीचं दार आहे. १९६३ च्या गुड फ्रायडेला अटक झाल्यावर निदर्शनांवर टीका करणाऱ्या आठ पाळकांच्या आणि धर्मगुरूंच्या जाहीर पत्रकाला त्यांनी तुरुंगातून, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर उत्तर लिहायला घेतलं.

शुक्रवार, मेम्फिस

३८५ किलोमीटर, पावणेचार तास. सकाळी सहाला निघा.

मेम्फिसचा एक धागा थेट नागपूरला जातो. रेव्हरंड जेम्स लॉसन १९५३ पासून तीन वर्षं नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते आणि गांधीजींच्या सत्याग्रहाचा अभ्यास करत होते. माँटगोमेरीच्या बहिष्काराची बातमी त्यांनी नागपूरच्याच वर्तमानपत्रात वाचली. १९५७ मध्ये किंग भेटले आणि म्हणाले, थांबू नका, आत्ताच दक्षिणेत या. लॉसन आले आणि त्यांनी नॅशव्हिलच्या विद्यार्थ्यांना मार खाऊन हात न उचलण्याची तालीम दिली. ते मेम्फिसला पाळक होते तेव्हा सफाई कामगारांच्या संपासाठी किंग यांना त्यांनीच बोलावलं. २०२४ मध्ये ते गेले. नागपुरात त्यांच्या नावाची एक तरी पाटी असावी, असं मनापासून वाटतं. किंग स्वतः १९५९ मध्ये मुंबईला आले तेव्हा मणिभवनात राहिले होते.

लॉरेन मोटेलचं संग्रहालय पाहायला चार तास हवेत. ३०६ क्रमांकाच्या खोलीशी सगळेच थांबतात : काचेपलीकडे विस्कटलेला पलंग, बाहेर सज्जावर लाल-पांढरी फुलं. ४ एप्रिल, संध्याकाळी ६.०१ ला याच सज्जावर किंग यांना गोळी लागली. आदल्या रात्री वादळात, मेसन टेम्पलमध्ये, कागद हातात न घेता ते बोलले होते. गोळी लागण्याआधी खाली उभ्या असलेल्या वादकाला त्यांनी रात्रीच्या सभेसाठी एक भजन छान वाजव म्हणून सांगितलं. तेच भजन महालिया जॅक्सन यांनी त्यांच्या अंत्यविधीला म्हटलं.

पण त्याआधीच्या दालनातल्या कचऱ्याच्या गाडीशी जास्त थांबा. १ फेब्रुवारी १९६८ ला जोराचा पाऊस होता. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन कामगार आडोशाला गाडीच्या मागच्या पेटीत शिरले, कारण काळ्या कामगारांना दुसरीकडे कुठे थांबायची मुभा नव्हती. कचरा दाबणारं यंत्र आपोआप सुरू झालं आणि दोघेही चिरडून गेले. विमा नव्हता. अकरा दिवसांनी तेराशे कामगार संपावर गेले आणि गळ्यात पाट्या अडकवल्या, ‘आय अ‍ॅम अ मॅन’.

मोर्चे क्लेबर्न टेम्पलमधून निघायचे. एप्रिल २०२५ च्या आगीत ती इमारत जळाली. शेजारच्या चौकात मात्र भिंतीवर संपकऱ्यांची नावं कोरलेली आहेत, ती वाचायला संध्याकाळचं तिरपं ऊन चांगलं. किंग गेल्यावर बारा दिवसांनी, १६ एप्रिलला, शहराने कामगार संघटनेला मान्यता दिली. पगारवाढ मिळाली ती तासाला पंधरा सेंट : दहा मे महिन्यात आणि पाच सप्टेंबरमध्ये.